पहारा बाळूचा होता

सन दोन हजार चोवीस. मला बहात्तरावं लागलं होतं. गुडघे सोडले तर अंगात कुठं खोट नव्हती आणि कोणाच्या दारात जायची वेळ माझ्यावर आली नव्हती. ऐन मार्गशीर्षात, तुरीच्या शेंगा भरत होत्या तेव्हा, अंबाजोगाईहून भानुदास मास्तरचा फोन आला.

“श्रीपतराव, रामकृष्णहरी! ओळखलंत का?”

आवाज म्हातारा झाला होता, पण खोड तीच. अवघड काही बोलायचं असलं की हा माणूस आधी घसा खाकरतो.

“वळखलं. बोल.”

“बाळासाहेब महाराजांच्या गावी मोठा सप्ताह आहे. आपण पोरं बाबांच्या मागं निघालो त्याला पन्नास वर्षं झाली. जुन्या सेवेकऱ्यांचा सत्कार ठेवलाय. तुम्ही यायचंच.”

“सेवेकरी म्हंजी कोन कोन?”

“तुम्ही, मी, स्वतः महाराज...”

“आन् म्हादबा?”

भानुदास खाकरला. “त्याचं बघू आपण.”

“बघू न्हाई. म्हादबा आला तर मी येतो. न्हाईतर तुमची शाल तुमीच पांघरा.” मी फोन ठेवून दिला.

सप्ताह खरं तर चैत्रातला. बाबांनी तो चैत्रात लावून दिला होता. पण बाळूचा वाढदिवस मार्गशीर्षात येतो, म्हणून सप्ताह तिकडं ओढला. सगळा जिल्हा त्याला बाळासाहेब महाराज म्हणतो. मी बाळूच लिहिणार. त्याच्या ताटातलं मी खाल्लंय आणि माझ्या फडक्यातलं त्यानं खाल्लंय. आणि मला त्याच्यावर लिहायचंही नाही. त्याच्यावर लिहिणारे आहेत, पगारी आहेत. मला लिहायचंय म्हादबावर.

बहात्तरचा दुष्काळ सरून एकदोन वर्षं झाली आणि बाबा आमच्या भागात आले. कुठले, कोणी विचारलं नाही. एक धोतर अंगावर, एक वाळत. ते म्हणायचे, दुष्काळात धान्य गेलं ते परत आलं, गुरं गेली ती परत आली, भजन गेलं ते कोणी परत आणलं नाही. ज्या गावात सप्ताह होत नाही तिथं जाऊन तो बसवायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या मागं आम्ही चार पोरं लागलो. भानुदास मॅट्रिक झालेला, तो पोथी वाचायचा. बाळू पाटलाचा एकुलता एक, गळा गोड, तो गायचा. मी तिसरीतून उठलेला, पण हात जड, म्हणून पखवाज माझ्याकडं. आणि म्हादबा मेंढरामागचा. लिंबागणेशाच्या वरच्या माळावर बाबांचा रस्ता चुकला. यानं रस्ता दाखवला आणि दाखवता दाखवता सोबतच आला. मेंढरं भावाच्या हवाली केली, फक्त तसं भावाला सांगायचं राहिलं.

म्हादबाला गाता येत नव्हतं. भजनात त्यानं तोंड उघडलं की बाबा हळूच हात वर करायचे. वाचता येत नव्हतं. टाळ दिला तर तालाच्या पुढं पळायचा. पण सप्ताहात एक काम असं असतं की त्याला गळाही लागत नाही आणि अक्षरही. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. जिच्या गळ्यात वीणा ती असामी बसत नाही, खात नाही, बोलत नाही. तारेवर बोट आणि तोंडात नाव. याला पहारा म्हणतात. पहारे आधीच वाटून दिलेले असतात. वेळ झाली की पुढच्यानं यायचं, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि वीणा उतरवून घ्यायची.

म्हादबा जन्मला तो याच कामासाठी. मेंढरामागं तो काठीवर हनुवटी ठेवून, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला लावून, बगळ्यासारखा दिवसभर राहायचा. वीणा गळ्यात आली की काठी नसायची, तरी पाय आपोआप वर जायचा. पहारा उतरल्यावर बाबांनी त्याला धारेवर धरलं. “अरे, देवासमोर आहेस. दोन पायांवर उभा राहा.”

“बाबा, एकाला इसावा दिला तर दुसरा लांब जातो,” हा म्हणाला. बाबांनी पुन्हा विषय काढला नाही.

मेंढराशी आणि देवाशी तो एकाच आवाजात बोलायचा. “सरक बे” हे तो एडक्याला म्हणायचा आणि देव्हारा झाडताना मूर्तीलाही. हसायचा ते तोंड मिटून. खांदे हलायचे म्हणून कळायचं. अंगाला लोकरीचा वास, तो कुठल्याही आंघोळीनं गेला नाही. पंगतीत मानाच्या जागेवर बसवलं तर उठून जायचा आणि शेवटी वाढप्यांसोबत भाकरी हातावर घेऊन खायचा. चूक कबूल करणं हे तर त्याच्या रक्तातच नव्हतं. एकदा चूल मांडताना त्यानं धोंडा माझ्या पायावर टाकला. नख उपटलं, मी बोंबललो. हा मलाच म्हणतो, “पाय कावून ठिवला थितं?”

आणि कोणी बाळूच्या गळ्याचं कौतुक करायला लागलं की हा मधेच तोंड घालायचा. “गानारे लई हायेत. उभं ऱ्हानारे दावा.” यात मत्सर नव्हता असं मी म्हणणार नाही. होता थोडा.

तलवाड्याच्या पलीकडं एका वस्तीवर आम्हाला कोणी उभं करेना. देऊळ नाही, मंडप नाही. तिथला म्होरक्या म्हणाला, पुढच्या वर्षी या. बाबा दगडावर बसून राहिले, भानुदास पोथी परत बांधायला लागला. म्हादबा कुठं गेला ते कळलं नाही. आला तो खांद्यावर वाघर घेऊन. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. रानात कोणाचा कळप उतरला होता, त्यांच्याकडून मागून आणली. लिंबाच्या झाडाभोवती त्यानं ती ताणली, मधे धोंडा मांडला, धोंड्याला बुक्का लावला. “हे देऊळ,” म्हणाला.

लोक मजा बघायला गोळा झाले. एक म्हातारा चिडला. “काय बे, देवाला मेंढरागत कोंडलंस का?”

“देव आत हाय, तुमी भाईर हाव. कोंडलंय कोन, ते घरी जाऊन म्हातारीला इचार.”

म्हातारा तरातरा घरी गेला. सगळ्यांना वाटलं काठी आणतोय. आला तो कंदील घेऊन, आणि आत येऊन बसला. तिथं पहिला सप्ताह त्या जाळीत झाला. लेंड्यांचा वास शेवटपर्यंत उदबत्तीला हटला नाही.

दुसऱ्या एका गावात पहाऱ्याला माणसं कमी पडली. तिथं एक पिणारा होता. रोज मंडपाबाहेर डुलत यायचा, आमची आयमाय काढायचा आणि जायचा. एका दुपारी म्हादबाचा पहारा उतरायला आणि तो यायला गाठ पडली. म्हादबा वीणा घेऊन तसाच त्याच्यापुढं गेला, त्याच्या पाया पडला आणि वीणा त्याच्या गळ्यात घातली. मंडपात आरडाओरडा.

“आरं पाडंल ना बे तो!” मी म्हणालो.

“त्यो पडंल. वीना पडू देनार न्हाई.”

आणि खरंच. तो गडी खुंटीसारखा ताठ. कपाळावरून घाम गळतोय, पण डुलला नाही. पहारा पुरा झाला, दुसऱ्यानं वीणा उतरवून घेतली आणि हा पोत्यासारखा जागेवर आडवा. बाळूला ते सहन झालं नाही. वीणा बाटली, धुवा म्हणाला.

“धू की,” म्हादबा म्हणाला. “पर काल तुझ्या पहाऱ्यात निम्म्यातून कुटं गेलतास ते आदी सांग.”

भानुदास हसला, मी हसलो. बाळू हसला नाही.

हे सगळं पुढच्या चैत्रापर्यंत. चैत्रात बाळूच्याच गावचा सप्ताह होता. गावाचं नाव लिहीत नाही. गावानं माझं काही वाकडं केलेलं नाही. पाटलांचा मंडप, पाटलांचं धान्य, सगळं पाटलांचं. दुपारच्या पंगती उठल्या होत्या. पहारा म्हादबाचा चालू होता आणि त्याच्या पुढचा बाळूचा. म्हादबानं पहाटेचाही एक पहारा दुसऱ्याच्या बदली केला होता. ऊन असं की पत्र्याखाली डोकं तडकत होतं. बाळूची वेळ झाली, बाळू आला नाही. घरी पाहुणे होते, त्याच्या लग्नाचं चाललं होतं. भानुदासला बोलवायला पाठवलं. तो येऊन म्हणाला, येतोय. आला नाही. भानुदास परत गेला, परत तेच.

मी का घेतली नाही वीणा, असं कोणी विचारेल. मी उठलो होतो. पखवाज बाजूला ठेवून समोर जाऊन उभा राहिलो. म्हादबानं माझ्या खांद्याला धरून मला खाली बसवलं. बोलायची तर सोय नव्हती, म्हणून बोट पाटलाच्या घराकडं केलं. म्हणजे, तुझा पहारा नाही, त्याचा आहे. त्याचे ओठ फुटले होते.

भानुदास तिसऱ्यांदा गेला आणि आला. आला आणि नुसताच उभा राहिला. मी विचारलं, काय म्हणाला? तेव्हा तो खाकरला, पण खोटं बोलायला अजून शिकला नव्हता.

“म्हणाला, उभा राहू दे त्याला. मेंढरामागं उभाच राहतो जन्मभर, त्याला काय होतंय.”

तारेवरचं बोट थांबलं. सहा दिवस जो आवाज कानात होता तो बंद पडला, तेव्हा मंडपातल्या झोपलेल्या बायासुद्धा जाग्या झाल्या. म्हादबानं वीणा गळ्यातून काढली. दोन्ही हातांवर घेतली आणि कोकरू ठेवावं तशी अलगद खाली ठेवली. सतरंजीवर नाही, सतरंजी ओलांडून मोकळ्या जमिनीवर. मुद्दाम. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पहारा बाळूचा हाय.” रांजणापाशी जाऊन पोटभर पाणी प्याला, काठी उचलली आणि निघाला.

बायांनी गालफडं बडवून घेतली. कोणी रडायला लागलं. आणि आता मात्र बाळू पळत आला. तीन निरोपांना जो उठला नाही तो अनवाणी पळत आला, वीणा उचलून गळ्यात घातली आणि डोळ्यांतून धारा लावून गायला लागला. काय गायला, काय गायला! माणसं त्याच्या पायावर पडली. त्याचं सगळं महाराजपण त्या दुपारचं आहे. जमिनीवरची वीणा उचलणारा, अशी त्याची ओळख करून देतात अजून.

बाबांनी संध्याकाळी निकाल दिला. म्हादबानं मंडपात यावं, वीणेपुढं नाक घासावं, मग त्याला पुन्हा घेऊ.

“आन् बाळूचं?” मी विचारलं.

“त्यानं उचलली ना,” बाबा म्हणाले. पाटलाच्या घरचं दूध होतं त्यांच्या हातात. मी पखवाज कापडात गुंडाळून त्यांच्यापुढं ठेवला आणि घरी निघून आलो. पुन्हा हात लावला नाही.

बाबांचा निरोप मात्र मीच म्हादबाला पोचवला. तो म्हणाला, “नाक घासतो की. पर आदी बाळूनं मंडपात म्हनावं, पहारा माजा व्हता. येवडं म्हनावं. मंग म्या घासतो.”

एवढंच. त्यावरून पन्नास वर्षं गेली. याच्यानं घासणं झालं नाही, त्याच्यानं म्हणणं झालं नाही. आसपासच्या कुठल्याच सप्ताहात म्हादबाला कोणी वीणा देईना. त्या साली पाऊस उशिरा आला, तोही त्याच्याच नावावर लागला. पोराला सोयरीक मिळायची वेळ आली तेव्हा पोरीचा बाप म्हणाला, वीणा ठेवणाऱ्याचं घर ना हे? मी दिसेल त्याला खरं सांगितलं. बाजारात, लग्नात, मयतीत. लोक हो हो म्हणायचे आणि बाळूच्या कीर्तनाला जायचे. आणि म्हादबा? कुठं सप्ताह लागला की हा जायचा. मंडपाच्या आत नाही, बाहेर, चपलांच्या अलीकडं. काठीला टेकून उभा. मी एकदा जवळून पाहिलं. काठीवर त्याचं बोट चाललं होतं.

तर भानुदासचा फोन आला आणि मी म्हादबाच्या वस्तीवर गेलो. बायको मागंच वारली. पोरगा-सून कोयत्यावर, ऊस तोडायला गेलेली. मेंढरं कधीच संपली होती, पाचसात शेरडं उरली होती. म्हातारा वाळून काटूक झाला होता. त्याला सगळं सांगितलं.

“बाळू म्हननार हाय का?” त्यानं विचारलं.

“मी म्हनवून घेतो.”

“तू काय म्हनवून घेतोस बे? तुजी सून तुजं ऐकत न्हाई.” खांदे हलले. मग बराच वेळ तो शेरडाच्या अंगावरची गोचीड काढत बसला. गोचीड चिरडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “वीना देतेत का पर?”

“आदी त्यो म्हननार. मंग वीना.”

दोन दिवसांनी भानुदासचा परत फोन. महाराजांनी स्वतः सांगितलंय, म्हादबाला घेऊनच या. मला वाटलं, जिंकलो. धोतर धुवायला टाकलं.

मंडप काय सांगू! कारखान्याएवढा. पडद्यावर बाळूचा चेहरा, गेटवर बाळूचा चेहरा, पाण्याच्या टाकीवरही बाळूच. तो स्वतः पुढं आला, रेशमी उपरणं, गाल भरलेले. “श्रीपत्या!” म्हणून माझ्या पायाला वाकला. वाकताना मान फोटोवाल्याकडं. म्हादबाला मिठी मारली, त्याला अत्तराची शिंक आली.

आम्हाला चौघांना आत वेगळं जेवायला बसवलं. पन्नास वर्षांनी चौघं एका ठिकाणी. भानुदासचे दात गेलेले, तो भाकरी वरणात भिजवत होता. मी वेळ घालवला नाही.

“बाळू, एक काम हाय. आज मंडपात म्हन की त्या दिवशी पहारा तुजा व्हता.”

तो हसला. “श्रीपतराव, किती जुनं उकरता! देवाच्या दारात काय तुझं-माझं?”

“एक वाक्य म्हनायचंय. लई न्हाई.”

“अहो, मला तर निरोपच नव्हता आला. का रे भानुदास? तुला काय आठवतं?”

भानुदास खाकरला. “मी... मी बहुतेक पाणी शेंदायला गेलो होतो तेव्हा. नीटसं आठवत नाही.”

“तीनदा गेलतास बोलवायला! त्याचा शब्द तूच आनलास, मंडपात, माज्यापुढं!”

“वय झालं हो श्रीपतराव.” तो ताटातून वर बघेना. त्याच्या नातवाला बाळूच्या संस्थेत नोकरी लागली आहे, हे मला नंतर कळलं.

“म्हादबा, बोल की बे!”

म्हादबानं भाकरीचा तुकडा मोडला. “वरन चांगलं झालंय,” म्हणाला.

मला वाटलं, राखून ठेवतोय. मंडपात बोलणार.

सत्काराला आम्हाला वर नेलं. शाली घातल्या. मग बाळू बोलायला उभा राहिला आणि आवाज भरून आणला. याच गावात, याच जागेवर, माझ्या एका जिवलगाच्या डोक्यात अहंकार शिरला. त्यानं वीणा मातीत ठेवली. ती या हातांनी उचलली. पण मित्र तो मित्र. पन्नास वर्षं मी त्याची वाट पाहिली. आज तो आलाय. मी त्याला माफ केलं, माउलींनो, तुम्ही करता का?

हजारो हात वर गेले. बायका पदर डोळ्यांना लावायला लागल्या. कोणीतरी माइक म्हादबाच्या तोंडापुढं धरला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. आता. चार शब्द फक्त. माझं नख उपटलं तरी ज्यानं कधी चूक घेतली नाही, तो माणूस आहे हा.

म्हादबानं माइककडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं. वीणा घेऊन एक जण बाजूला उभा होता, तिच्याकडं पाहिलं.

“चुकलं माजं,” म्हणाला.

मग गुडघ्यावर हात ठेवत ठेवत खाली बसला, पालथा झाला आणि नाक घासलं. पडद्यावर ते केवढं मोठं दिसलं! बाळूनं त्याला खांद्याला धरून उठवलं, वीणा त्याच्या गळ्यात घातली, आणि असा गजर झाला की माझ्या कानात दडे बसले. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली.

ऊन उतरल्यावर गाड्या गेल्या. बाळू गेला, भानुदास त्याच्या गाडीत गेला. म्हादबा उभाच होता. गावातला एक जण पहारा घ्यायला आला तेव्हा कुठं तो पाणी प्यायला नळावर आला. मी तिथंच वाट बघत होतो.

“कावून बे? पन्नास वर्सं, म्हाद्या! कावून?”

त्यानं ओंजळीनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. “उभं ऱ्हायाचं व्हतं.”

“खोटं म्हनून?”

“तुजं खरं तुज्याजवळ ऱ्हाऊ दे, शिरप्या. मला त्यानं काय केलं? म्या मंडपाच्या भाईर, तू तुज्या घरी. खऱ्याला कोन बोलवाया आलतं?”

“तुज्यासाठी मी पखवाज सोडला!”

“म्या म्हनलं व्हतं का, सोड?”

मी नळ पिळून बंद केला.

तो निघाला, मग परत फिरला. “काल्यापत्तर थांबतो म्या. सांजचा पहारा दिलाय मला, पहाटंचाबी. शेरडं कोंडून आलोय सकाळी, कडबा टाकून. बघशीन का?”

मी गाडी धरायला गेटकडं निघालो. नाही म्हणता म्हणता मागं वळून पाहिलंच. सांजचा पहारा लागला होता, त्यानं वीणा परत घेतली होती. आता तो दोन्ही पायांवर उभा होता, एकावर भार धरवत नसावा. गळ्यात झेंडूचा हार, नाकाला माती तशीच. डोळे मिटलेले. आणि मोठ्यानं म्हणत होता, अगदी बेसूर, आणि त्याला कोणी हात वर करून थांबवत नव्हतं. त्याच्या मागं बाळूचा फोटो, त्यातही वीणा. म्हादबाचं तोंड मी इतकं सुखी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याचा मला राग आला. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी लिंबागणेशाला उतरलो आणि तिथून पायी त्याच्या वस्तीवर गेलो. शेरडं ओरडून ओरडून बसली होती. कडबा संपलेला, पाण्याची घमेली पालथी. मी कोंडवाड्याच्या तोंडाचा झापा काढला. म्होरक्या शेरडीनं मला ओळखलं नाही आणि मांडीवर एक ढुशी दिली. तिला मी म्हादबाच्या नावानं एक शिवी घातली, आणि सगळी माळाकडं हाकलली.